मोडलेले साचे

गेल्या वर्षीच्या श्रावणातली गोष्ट. मुख्याध्यापक झालो तरी नववीचा इतिहासाचा तास मी अजून सोडलेला नाही. त्या दिवशी बाहेर पावसाची झड होती, वर्गात फ्रेंच राज्यक्रांती चालू होती आणि शेवटच्या बाकावरचा एक मुलगा मांडीवर काहीतरी ठेवून मान खाली घालून बसला होता. मी शिकवता शिकवताच मागे गेलो. मांडीवर मोबाइल होता. त्याच्या पडद्यावर एक पांढरेशुभ्र, लांबट नाकाचे विमान अर्धवट जोडलेल्या अवस्थेत उभे होते.

आमच्या शाळेत नियम स्पष्ट आहे. मोबाइल सापडला की तो ऑफिसातल्या कपाटात जातो आणि पालक येऊन सही केल्याशिवाय परत मिळत नाही. फोन हातात घेतला तेव्हा मुले सहसा रडतात, नाहीतर आईवडिलांच्या आजारपणाची कारणे सांगतात. हा मुलगा उभा राहिला आणि हळूच म्हणाला, "सर, फोन ठेवून घ्या. खरं त्यातलं ते विमान तेवढं पुसू नका ओ."

हे ऐकून मला राग यायला हवा होता. आला नाही. संध्याकाळी शाळा सुटल्यावर मी त्याला ऑफिसात बोलावले आणि विचारले, "कुठलं विमान रे हे?"

"टी.एस.आर. टू, सर. इंग्लंडचं. रद्द झालेलं."

मुख्याध्यापकाच्या आयुष्यात 'रद्द' हा शब्द फार वेळा येतो. तुकडी रद्द, शिक्षकाची जागा रद्द, सहलीची परवानगी रद्द. सीमाभागातल्या मराठी शाळेत तर दर जूनमध्ये पटसंख्या मोजताना हा शब्द मानेवर बसलेला असतो. पण एखाद्या पोराने रद्द झालेली वस्तू मुद्दाम शोधून काढून ती पुन्हा बांधायला घ्यावी, हे मला नवीन होते. मी त्याला समोरच्या खुर्चीवर बसवले आणि फोन त्याच्या हातात दिला. नियम मोडला, हे कबूल करतो.

हा विमाने बांधायचा खेळ आहे. त्यात धडाचे तुकडे, पंख, इंजिने, चाके असे सगळे सुटे भाग मिळतात. ते आपण जोडायचे, हवा तसा आकार द्यायचा आणि मग धावपट्टीवर नेऊन उडवून बघायचे. बांधणी चुकली तर विमान उडत नाही, किंवा उडते आणि उलटे होऊन पडते. गुण देणारा कोणी नसतो. पोरगा म्हणाला, "सर, हे बघा तीन गोळे. तांबडा म्हणजे वजनाचा मध्य. निळा म्हणजे उचल कुठं लागते ते. पिवळा म्हणजे इंजिनाचा जोर. निळा तांबड्याच्या थोडा मागं पाहिजे. पुढं आला की विमान उलटं होतंय. लई मागं गेला की नाक वर येत नाही."

भौतिकशास्त्राच्या घटक चाचणीत या मुलाला पंचवीसपैकी सहा गुण होते. मी मुद्दाम गुणपत्रक काढून पाहिले.

विमानांशी माझा संबंध असलाच तर तो वडिलांमुळे. आमचे गाव सांबऱ्याच्या विमानतळाजवळ. 1961 च्या डिसेंबरात वडील विशीत होते. गोवामुक्तीच्या वेळी, 18 डिसेंबरला, याच सांबऱ्यावरून हंटर विमाने उडाली आणि त्यांनी बांबोळीचे रेडिओ केंद्र बंद पाडले. पुण्याहून निघालेल्या कॅनबेरा विमानांनी त्याच दिवशी दाबोळीच्या धावपट्टीवर बाँब टाकले. वडील शेतात होते. हंटर डोक्यावरून गेली तेव्हा बैल जू टाकून कसे पळाले, हे ते आम्हाला शेवटपर्यंत सांगत. कॅनबेरा त्यांनी पाहिलेले नव्हते, पण नाव मात्र नेमके घेत.

हे मी त्या मुलाला सांगितले तेव्हा तो खुर्चीत सरळ झाला. "सर, कॅनबेराच्या जागीच हे येणार होतं!"

खरेच होते. रात्री मी वाचत बसलो आणि मग आठवडाभर वाचतच राहिलो. इतिहासाच्या माणसाला एकदा धागा सापडला की त्याला झोप लागत नाही.

कॅनबेरा हे ब्रिटनचे पहिले जेट बाँबफेकी विमान. ते 13 मे 1949 रोजी प्रथम उडाले. चालक होते रोलंड बीमाँट. काही वर्षांतच त्याच्या जागी नवे विमान हवे, असे ब्रिटिश हवाई दलाला वाटू लागले, कारण उंचावरून जाणाऱ्या विमानाला आता क्षेपणास्त्र गाठू लागले होते. नव्या विमानाने रडार चुकवत जमिनीला चिकटून आवाजाच्या वेगाने जावे, उंचावर आवाजाच्या दुप्पट वेग गाठावा, ओबडधोबड आखूड धावपट्टीवरून उठावे, टेहळणी करावी आणि वेळ आली तर अणुबाँबही टाकावा, अशी अपेक्षा होती. अपेक्षा लिहिणाऱ्याला खर्च येत नाही, हे आम्ही शाळेतही रोज अनुभवतो.

काम दोन कंपन्यांना मिळून करायला सांगितले, आणि 1960 मध्ये सरकारच्या आग्रहाने त्या आणखी काही कंपन्यांसह एका मोठ्या कंपनीत विलीन झाल्या. विमानाची लांबी सत्तावीस मीटर, पंखांचा विस्तार मात्र अवघा अकरा मीटर. खालून वेगाने जाताना हवेचे हिसके बसू नयेत म्हणून पंख मुद्दाम लहान ठेवलेले, आणि त्यांची टोके खाली वळवलेली. 27 सप्टेंबर 1964, रविवार, या दिवशी ते पहिल्यांदा उडाले. चालक पुन्हा रोलंड बीमाँटच. ज्याने जुने विमान प्रथम उडवले त्यानेच पंधरा वर्षांनी त्याचे वारस विमानही उडवले.

आणि 6 एप्रिल 1965 रोजी, अर्थसंकल्पाच्या भाषणात, अर्थमंत्री जेम्स कॅलहन यांनी ते रद्द केल्याचे जाहीर केले. सहा महिन्यांत चोवीस उड्डाणे झाली होती. तीही सगळी एकाच विमानाची. दुसरे विमान उडायच्या तयारीत उभे होते, ते उभेच राहिले.

पुढच्या काही रविवारी तो मुलगा माझ्या घरी येत असे. सौ. कांदेपोहे करी, आणि आम्ही दोघे जेवणाच्या टेबलावर इंग्लंडचे विमान बांधत असू. त्याने इंटरनेटवरच्या चित्रावरून आलेखाच्या कागदावर विमानाची बाजू काढली होती, एक चौकोन म्हणजे अर्धा मीटर. चौकोन मोजून तो धडाचे तुकडे जोडी. मी चष्मा लावून पाहत असे, आणि वाचलेले सांगत असे.

पहिल्यांदा विमान उठेचना. धावपट्टी संपली, समुद्र आला आणि आमचे विमान पाण्यात गेले. "सर, पंख लई बारके. उचल पुरंना झालीय," तो म्हणाला. मग त्याने एक युक्ती केली. धडाच्या पोटात, बाहेरून दिसणार नाही असा आणखी एक पंख बसवला. या खेळातले पुष्कळ जण असे करतात म्हणे. विमान उठले. पण त्याचा चेहरा उतरलेलाच. "ही कॉपी झाली की ओ सर."

मास्तराला असा प्रश्न विचारणारा विद्यार्थी वर्षातून एखादाच भेटतो. मी त्याला सांगितले, की खऱ्या विमानापुढेही हीच अडचण होती. इवल्याशा पंखांवर एवढे वजन आखूड धावपट्टीवरून कसे उठणार? मग त्या लोकांनी इंजिनातली दाबलेली हवा नळीने आणून पंखामागच्या झडपांवरून जोरात सोडली. त्यामुळे पंख लहान असूनही मोठ्या पंखाची उचल देऊ लागला. तुझ्या खेळात ती नळी मिळत नाही, म्हणून तू पंख लपवलास. कॉपी कधी होते, तर आपण काय केले ते सांगायचे टाळले तर. त्याने लगेच विमानाच्या माहितीत लिहून टाकले : पोटात एक जादा पंख आहे.

मग वजनाचा मध्य मागे गेला. दोन्ही इंजिने शेपटीकडे. नाक वर, शेपूट खाली, आणि विमान कोलांटी घेऊन पडे. त्याने मागच्या तुकड्यांतले इंधन कमी केले, पुढच्यात वाढवले. तांबडा गोळा केसाकेसाने पुढे सरकला. "आता बघा सर." उडाले. वळणावर पुन्हा पडले. "नाक खाली जायलंय बघा." पुन्हा बांधणी. एका रविवारी मी मोजले, सतरा वेळा पडले. हाच मुलगा बीजगणितातले उदाहरण एकदा चुकले की वही मिटतो.

चाकांनी तर दोघांचाही घाम काढला. खाली उतरले की मोडत. मी म्हटले, धीर धर, खऱ्या विमानाची चाकेही रुसलेलीच होती. पाचव्या उड्डाणात ती आत घ्यायला गेले तर अर्धवट वळून बसली, आणि बीमाँटने तशाच अवस्थेत विमान अलगद उतरवले. दहाव्या उड्डाणात प्रथम ती नीट आत गेली. चौदाव्या उड्डाणात, 22 फेब्रुवारी 1965 रोजी, विमानाने आवाजाचा वेग ओलांडला. त्यानंतर सहा आठवड्यांत रद्द.

"मग त्या विमानांचं काय केलं, सर?"

मी सांगितले. उडालेले विमान तोफांच्या माऱ्याची चाचणी घ्यायला निशाण म्हणून नेऊन उभे केले. दोन विमाने संग्रहालयांत राहिली, एक कॉसफर्डला आणि एक डक्सफर्डला. बाकी अर्धवट तयार झालेली भंगारात गेली. आणि ज्या साच्यांवर, ज्या जिगांवर ती बांधली जात होती ते सगळे लगोलग तोडून टाकले.

हे ऐकून तो गप्प झाला. मग म्हणाला, "विमान मोडलं ते कळलं सर. साचे कशाला मोडायचे? माझे बाबा म्हणतात, कास्टिंग फुटलं तर दुसरं होतं. पॅटर्न फुटला तर धंदा बसला."

त्याचे वडील उद्यमबागेत एका पॅटर्न शॉपमध्ये कामाला आहेत, हे मला तेव्हा कळले. बेळगावच्या वाचकांना सांगायला नको. फाउंड्रीत लोखंड ओतायच्या आधी त्या वस्तूचा लाकडी नमुना करावा लागतो. तो वाळूत दाबून काढला की पोकळी उरते, त्यात रस ओततात. लोखंड गार होताना आक्रसते म्हणून नमुना थोडा मोठा करावा लागतो. ते 'थोडे' किती, हे ज्याला कळते तो पॅटर्नमेकर.

फोन न्यायला वडील आले ते हात जोडूनच. "सर, चुकलं पोराचं. फोन फोडूनच टाकतो बघा." मी त्यांना बसवले, चहा मागवला आणि पोराने काय बांधले आहे ते दाखवले. ते बराच वेळ पडद्याकडे पाहत राहिले. मग म्हणाले, "सर, मी ह्याच शाळेचा. 94 ला दहावी. तुम्ही इतिहास शिकवलाय मला."

मला ते आठवले नाहीत. तसे मी बोललोही नाही, पण त्यांनी ओळखले असावे.

"अभ्यासात काय नव्हतोच मी. हात चालायचा तो सुताराच्या वर्गात. गुरुजींनी रंधा धरायला शिकवला, त्यावर आज घर चाललंय. तो वर्ग अजून हाय काय, सर?"

तो वर्ग आता नाही. आणि तो नसण्याच्या कागदावर सही माझी आहे.

आमच्या शाळेत पत्र्याच्या लांब शेडमध्ये सुतारकामाचा वर्ग होता. सहा बाके, प्रत्येकाला शिकंजा, भिंतीवर करवती, रंधे, पटाश्या, गुण्ये ओळीने टांगलेले. खंडेनवमीला त्या हत्यारांची पूजा व्हायची, आणि नारळाचा पहिला तुकडा गुरुजी सर्वांत मठ्ठ समजल्या जाणाऱ्या पोराच्या हातावर ठेवायचे. गुरुजी 2008 साली निवृत्त झाले. त्यांची जागा भरली गेली नाही. 2013 साली संगणक कक्षासाठी जागा हवी होती. संस्थेच्या बैठकीत विषय आला, शेड रिकामी करावी असे ठरले. मीही होकार दिला. खरे सांगायचे तर होकार देताना मला बरेच वाटले. संगणक म्हणजे पुढे जाणे आणि रंधा म्हणजे मागे राहणे, असे त्या वेळी मलाही वाटत होते.

भंगारवाल्याचा टेंपो आला तेव्हा गुरुजी कुठून तरी कळून आले होते. फाटकाशी उभे राहिले. बाके चढवताना एक पाय मोडला, तेव्हा फक्त एकदा पुढे झाले. मला म्हणाले, "हेडमास्तर, लाकूड जाऊ दे. मापांची वही तेवढी कपाटात हाय, ती ठेवा." मी हो म्हणालो. वही कपाटात होती, आणि कपाटही त्या टेंपोतच गेले होते. हे मला दोन दिवसांनी लक्षात आले. मी त्यांना कधी सांगितले नाही.

रविवारी विमान बांधता बांधता मला इंग्लंडच्या सरकारचा राग येत होता. आता त्या रागाला जागा उरली नाही.

मी पुष्कळ विचार केला. अणुबाँब वाहून नेणारे एक विमान जगात आले नाही, याचे दुःख करावे असे मला वाटत नाही. शिवाय सरकारची बाजूही समजण्यासारखी होती. खर्च वाढत चालला होता आणि तिजोरी रिकामी होती. अमेरिकेची एफ-111 विमाने त्याहून स्वस्त पडतील असा हिशेब केला होता. पुढे 1968 च्या जानेवारीत तीही मागणी रद्द करावी लागली, हा भाग वेगळा. शेवटी जर्मनी आणि इटलीबरोबर मिळून टोर्नेडो बांधले, ते 1974 साली प्रथम उडाले. मात्र त्या विमानाचे ऑलिंपस इंजिन वाया गेले नाही. त्याचीच सुधारलेली आवृत्ती काँकॉर्डला लागली आणि पुढे प्रवाशांना घेऊन अटलांटिकवरून आवाजाच्या दुप्पट वेगाने गेली. बाँबसाठी केलेले काम माणसे नेण्याच्या कामी आले, कारण तेवढे कोणी मोडले नव्हते.

म्हणजे रद्द करणे चूकच असते असे नाही. शाळेलाही संगणक हवेच होते. पण थांबवणे वेगळे आणि पुन्हा कधी सुरू करता येऊ नये अशी व्यवस्था करणे वेगळे. सहापैकी दोन बाके व्हरांड्याच्या टोकाला राहिली असती तर काय बिघडले असते? एक वही तर टेबलाच्या खणात मावली असती.

आणि जे म्हातारे झाले म्हणून बदलायचे होते ते कॅनबेरा? ते आपल्याकडे 1957 पासून होते. भारतीय हवाई दलाने ते 2007 च्या मे महिन्यात आग्र्याला समारंभाने निवृत्त केले. त्याची जागा घेणारे विमान भंगारात जाऊन बेचाळीस वर्षे झाली होती. वडील तेव्हा हयात होते. पेपरात फोटो पाहून म्हणाले, "दाबोळीचं विमान दमलं बघ." त्या वेळी मी हसून पान उलटले होते.

दसऱ्याच्या सुट्टीत, खंडेनवमीलाच, आम्ही तिघे गुरुजींच्या गावी गेलो. मी, तो मुलगा आणि त्याचे वडील. गुरुजी ऐंशीच्या पुढे आहेत. नजर गेल्यात जमा. माजी विद्यार्थ्याचा आवाज मात्र त्यांनी लगेच ओळखला, आणि त्याची बोटे हातात घेऊन एकेक चाचपली. "सगळी हाईत," म्हणाले. सुताराच्या गुरूला शिष्याची आधी बोटेच मोजावी लागतात.

मी वहीचे सांगितले. अकरा वर्षांनी. ते थोडा वेळ काही बोलले नाहीत. मग मुलाला म्हणाले, "लिही." आणि सांगू लागले. बाकाची उंची उभ्या पोराच्या मनगटाएवढी. फळीची जाडी इतकी, शिकंजा डाव्या टोकाला, पाय बाहेरच्या अंगाने इतके कललेले. मुलगा त्याच आलेखाच्या वहीत लिहून घेत होता. अर्ध्या तासाने गुरुजी अडले. हत्यारांच्या मांडणीची खाचणी कशी होती, ते काही केल्या आठवेना. "जाऊ दे," म्हणाले, "ते वहीत होतं." त्यांच्या बोलण्यात टोमणा नव्हता. असता तर मला सोपे गेले असते.

डिसेंबरात मुलाच्या वडिलांनी उद्यमबागेतून उरलेले सागवान आणून दोन बाके करून दिली. मजुरी घेतली नाही. संस्थेने शिकंज्यांचे पैसे दिले, ते लवकर दिले असे म्हणता येणार नाही. आता शनिवारी अर्धी शाळा सुटल्यावर अकरा मुले व्हरांड्यात थांबतात, त्यांत तीन मुली आहेत. वडील सुट्टी असेल तेव्हा येतात. शिकवताना ते मराठी आणि कन्नड दोन्ही बोलतात, कारण शेजारच्या कन्नड शाळेतली दोन मुलेही येऊ लागली आहेत. हत्यारांची नवी मांडणी त्यांनी स्वतःच्या मनाने केली आहे. जुनी कशी होती हे आता कोणालाच सांगता येणार नाही.

विमान उडाले. मुलगा आता दहावीत आहे. विज्ञानात पास होतो, गणितात अजून काठावर आहे. मार्चमध्ये एस.एस.एल.सी. आहे, म्हणून फोन त्याने आपण होऊन वडिलांकडे दिला आहे.

शाळेच्या डेडस्टॉक रजिस्टरात 2013 च्या पानावर 'सुतारकामाची बाके, नग सहा, निर्लेखित' अशी नोंद आहे आणि पुढे तांबड्या शाईत माझी सही आहे. यंदाच्या जूनमध्ये मी स्वतः त्या रजिस्टरात 'बाके, नग दोन' अशी नवी नोंद केली. मुलाने काढलेला आलेखाचा कागद आणि गुरुजींनी सांगितलेल्या मापांच्या दोन प्रती त्याच पानाला टाचल्या आहेत. तिसरी प्रत माझ्या टेबलाच्या खणात आहे. पुढच्या वर्षी मी निवृत्त होईन. नव्या हेडमास्तरांना चार्ज देताना किल्ल्यांच्या आधी तो खण दाखवायचा, असे ठरवले आहे.